अती आक्रमक गड्यासमोर पोकर स्पर्धेतला खेळ कसा बदलायचा?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मंडळी, नो-लिमिट होल्डेमच्या (प्रत्येकाला दोन पानं, मध्ये पाच उघडी, बेटीला मर्यादा नाही) स्पर्धेबद्दल विचारायचं आहे. रचना अशी: ९ जण, प्रत्येकी ५००० चिप्स, ब्लाइंड (हाताआधी दोघांनी भरायची सक्तीची रक्कम, स्मॉल आणि बिग) २५/५० पासून, दर १५ मिनिटांनी वाढ. पुढच्या पायऱ्या ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००, २००/४००. अँटी (दर हाताला भरायची जादा रक्कम) नाही. पत्ते आळीपाळीने आपणच पिसायचे, आपणच वाटायचे. पैशाचा संबंध नाही, वर्षभराची गुणांची साखळी आहे: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, बाकीच्यांना शून्य.

टेबलावर एक गडी असा आहे की त्याच्यापर्यंत कुणी रेज (रक्कम वाढवणं) केलं नसेल तर जवळजवळ निम्म्या हातांत तो करतोच. फ्लॉपवर (पहिली तीन उघडी पानं) बेट, टर्नवर (चौथं) बेट, रिव्हरवरही (पाचवं) बेट. बाकीचे आठ जण दबून खेळतात आणि चौथ्या-पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे चिप्सचा डोंगर असतो. अशा खेळाडूसमोर नेमकं काय बदलायचं? "चांगली पानं आली की पकड" एवढं नको, आकड्यांत सांगा.

उसाचा_फड

भावा, घाई करू नकोस. असा गडी स्वतःच फुटतो. एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी, एक्का-राजा यांची वाट बघायची आणि आलं की सगळं मध्ये. स्पर्धेत टिकून राहणं महत्त्वाचं. एकदा बाहेर गेलं की परत चिप्स मिळत नाहीत.

पंचगंगा_घाट

उसाचा_फड, हा सल्ला मोठ्या आणि संथ स्पर्धेत चालेल. वर दिलेल्या रचनेत तो बसत नाही. हिशेब बघा.

घरच्या टेबलावर नऊ जण हातानं पत्ते वाटतात तेव्हा तासाला साधारण २५ हात होतात. म्हणजे १५ मिनिटांत सहा. नऊ जणांची एक फेरी पूर्ण व्हायला दीड लेव्हल लागते. २००/४०० सुरू होतं तेव्हा सव्वा तास झालेला असतो आणि तुम्ही जेमतेम ३० हात पाहिलेले असतात.

दश्शीच्या जोडीपासून एक्क्यांच्या जोडीपर्यंत पाच जोड्या, प्रत्येकीचे ६ कॉम्बो (दोन पानांच्या शक्य जुळण्या), म्हणजे ३०. एक्का-राजाचे १६. एकूण ४६. सगळे मिळून कॉम्बो १३२६. प्रमाण साडेतीन टक्के, म्हणजे २९ हातांत एकदा. तीस हातांत यातलं एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. तुमच्या यादीत तर दश्शी आणि गुलामांच्या जोड्याही नाहीत, म्हणजे वाट आणखी लांबली. तोवर ५००० चिप्सचे १०० बिग ब्लाइंडवरून साडेबारा झालेले असतात, आणि मध्ये भरलेले ब्लाइंड वेगळेच. एवढ्या थोड्या चिप्सवर एक्के मिळाले तरी दुप्पट होऊन तुम्ही पंचवीसवर येता, तो मात्र ऐंशीवर बसलेला असतो.

म्हणजे वाट बघायला वेळच नाही. रेंज (कुठली पानं खेळायची तो आवाका) रुंद करावीच लागणार. कुठल्या बाजूनं रुंद करायची, हे तो गडी कुठल्या जातीचा आक्रमक आहे त्यावर ठरतं. खरा प्रश्न तो आहे.

पंचगंगा_घाट

वरचंच पुढे चालवतो.

"आक्रमक" म्हणून आपण तीन वेगळ्या माणसांना एकाच पोत्यात घालतो. पहिला भरपूर रेज करतो, पण उलट रेज आला की पानं टाकतो. दुसरा भरपूर रेज करतो आणि उलट रेजलाही कॉल करतो (तेवढेच भरून टिकतो), त्याला फोल्ड हा प्रकारच आवडत नाही. तिसरा विचार करून आक्रमक असतो: कुणावर दाब चालतो, कुणावर नाही, हे बघून खेळतो. पहिल्यावर लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर केला तर स्टॅक (आपले सगळे चिप्स) जातो. इथंच बहुतेकांचं चुकतं.

ओळखायचं कसं? पहिले वीस हात मोबाईल बाजूला ठेवून फक्त चार गोष्टी मोजा. सगळे फोल्ड होत त्याच्यापर्यंत आले तेव्हा त्यानं किती वेळा रेज केला. कुणी री-रेज केल्यावर त्यानं काय केलं. शेवटी पानं उघडली तेव्हा त्याच्या हातात काय होतं. आणि बेटचा आकार: चांगल्या पानांवर मोठा आणि ब्लफवर छोटा असा काही फरक आहे का. यातली दुसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. त्या हातात तुम्ही नसलात तरी ती बघायची. पानं टाकून झाली की लोक खिडकीबाहेर बघत बसतात, खरी माहिती त्याच वेळी फुकट मिळत असते.

मात्र वीस हातांचा नमुना लहान आहे. वीसपैकी नऊ वेळा रेज दिसला तरी खरा आकडा २५ ते ६५ टक्क्यांत कुठंही असू शकतो. उघडलेली पानं जास्त बोलतात. पहिल्याच जागेवरून सत्ती-तिर्री उघडली असेल तर ते एकच प्रकरण पुरेसं आहे.

कळंबा_रोड

पहिल्या जातीवरचा उपाय आकड्यांत मांडतो.

ब्लाइंड २००/४००. तो बटनवरून (वाटणाऱ्याची, फ्लॉपनंतर शेवटी बोलायची जागा) १००० चा रेज करतो. तुम्ही बिग ब्लाइंडवर, ब्लाइंड धरून तुमच्याकडे ७२०० म्हणजे १८ बिग ब्लाइंड. मध्ये १००० + २०० + ४०० = १६००. तुम्ही ऑल-इन (सगळे चिप्स) ढकलता, म्हणजे आणखी ६८०० पणाला लावता.

त्यानं फोल्ड केलं तर १६०० तुमचे. कॉल केलं तर पॉट (मध्ये जमलेली रक्कम) १४,६०० चा. तुमच्याकडे दश्शी-नव्वी एकाच रंगाची आहे आणि त्याच्या कॉल करायच्या पानांसमोर ती ३८ टक्के जिंकते असं धरा. १४,६०० चे ३८ टक्के म्हणजे ५५४८, म्हणजे कॉल झाल्यावर सरासरी १२५२ चा तोटा. बरोबरी साधायला त्यानं ४४ टक्के वेळा फोल्ड करायला हवं.

आता तो ४५ टक्के हातांत रेज करतो, पण ऑल-इनला फक्त वरच्या १८ टक्क्यांनी कॉल करतो, असं असेल तर ६० टक्के वेळा फोल्ड आहे. ०.६ × १६०० वजा ०.४ × १२५२, म्हणजे सरासरी सुमारे ४६० चिप्सचा फायदा. एका ढकलीत एक बिग ब्लाइंडहून जास्त, आणि तेही मध्यम पानांवर.

तोच गडी ३० टक्के हातांनी कॉल करू लागला तर फोल्ड फक्त एक-तृतीयांश उरतं. त्याच्या कमजोर पानांसमोर तुमची टक्केवारी वाढून समजा ४२ होते, तरी सगळा हिशेब शून्याच्या आसपास येतो. एवढी जोखीम घेऊन हाती काही नाही.

शिये_फाटा

आणि जो फोल्डच करत नाही, त्याचं काय?

कळंबा_रोड

तिथं गणित आणखी सोपं होतं. वरच्याच जागी तो कधीच फोल्ड करत नाही असं धरा. ६८०० लावून १४,६०० च्या पॉटसाठी खेळायचं तर बरोबरीला ४६.६ टक्के हवेत. दश्शी-नव्वी गेली कचऱ्यात. पण सत्तीची जोडी, एक्का-नव्वी, राजा-राणी, एक्का-दश्शी ही पानं त्याच्या निम्म्या पत्त्यांच्या रेंजसमोर निम्म्याहून जास्त वेळा जिंकतात. ५५ टक्के धरा: ८०३० वजा ६८००, म्हणजे १२३० चिप्सचा फायदा. वरच्या ४६० पेक्षा कितीतरी जास्त.

थोडक्यात, फोल्ड करणाऱ्यासमोर हलकी पानं ढकला. न करणाऱ्यासमोर एकही ब्लफ करू नका, मात्र "चांगलं पान" म्हणायची रेषा खाली आणा. सत्तीची जोडी तिथं राण्यांच्या जोडीसारखी खेळायची.

एक जपा. १५ बिग ब्लाइंडच्या खाली त्याच्या रेजला नुसता कॉल करून फ्लॉप बघायची सवय घातक आहे. बारामधले अडीच घातले, फ्लॉप लागला नाही, टाकलं. असं दोनदा झालं की सात उरतात आणि मग तुमच्या ढकलीला कुणी भीत नाही. त्या स्टॅकवर ऑल-इन नाहीतर फोल्ड. अपवाद बिग ब्लाइंडचा. अडीच पटीच्या रेजला तिथं दीड घालून साडेपाचच्या पॉटसाठी खेळता, म्हणजे २७ टक्के पुरतात. पण फ्लॉपवर जोडी लागली की मागं हटायचं नाही, हे आधीच ठरवून कॉल करा.

रंकाळा_तांबट_कमान

जागेबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या मते पानांपेक्षा जागा मोठी.

तो तुमच्या उजव्या हाताला हवा, म्हणजे चाल आधी त्याची, मग तुमची. त्याचा रेज बघून तुम्ही ठरवणार. एक्का-गुलाम, राजा-राणी, आठ-नऊच्या जोड्या यांवर री-रेज करून बाकीच्यांना बाहेर काढायचं आणि त्याला एकट्याला समोर घ्यायचं. ४० बिग ब्लाइंड असतील आणि त्याचा रेज अडीचचा असेल तर साताच्या आसपास री-रेज पुरतो. फ्लॉपनंतर तुम्ही आधी बोलणार असाल, म्हणजे ब्लाइंडमध्ये असाल, तर नऊ ते दहा. छोटा केला तर त्याला स्वस्तात फ्लॉप मिळतो आणि तिथून पुढं तो घोडा फेकणारच.

तो डाव्या हाताला असेल तर सगळं उलटं. तुमच्या प्रत्येक रेजवर तो चढणार. मग रेज कमी हातांत करा, पण केला की मागं जाऊ नका. राजा-नव्वी, राणी-दश्शी असली "बघू या" पानं टाकून द्या, कारण त्यांनी रेज करून री-रेजला फोल्ड करणं म्हणजे त्याला दर फेरीला देणगी. अशा वेळी दोन सापळे चालतात. पहिला, आधीच्या जागेवरून २५ बिग ब्लाइंडवर एक्क्यांच्या जोडीनं नुसतं लिंप (रेज न करता बिग ब्लाइंडएवढंच भरणं) करायचं. तो रेज करणार, मग सगळं आत. पण असा लिंप कधी एक्का-राजानं, कधी दश्शीच्या जोडीनंही करा. फक्त एक्क्यांनी केला तर दुसऱ्या वेळेला टेबलावरचं शेंबडं पोरही ओळखेल. दुसरा, फ्लॉप लागल्यावर स्वतः बेट न करता चेक करून त्याला बेट करू द्यायची. जो आपण होऊन पैसे आत टाकतोय, त्याच्या हातातून बेट काढून घेऊ नका.

जागा चिठ्ठ्या टाकून ठरत असतील तर नशीब. जास्त टेबलांच्या स्पर्धेत फायनल टेबलला पुन्हा चिठ्ठ्या टाकायचा नियम असेल तर तो पाळायला लावा.

उसाचा_फड

हाताचा हिशेब पटला. पण फ्लॉपनंतर तीन-तीन बेट झेलायच्या कशा? मधल्या जोडीवर तीनदा कॉल करायला छाती पाहिजे.

पंचगंगा_घाट

छातीचा प्रश्न नाही. फ्लॉपला कॉल करण्याआधी रिव्हरपर्यंतचं बिल बघायचं. दरवेळी दोन-तृतीयांश पॉटची बेट धरा. पॉट १००० असेल तर बेट ६७०, मग १५५०, मग ३६३०. तिन्ही मिळून सुमारे ५८५०. ७५/१५० ला त्यानं ४५० चा रेज केला आणि बिग ब्लाइंडनं कॉल केला की पॉट ९७५. तिसऱ्या लेव्हललाच फ्लॉपचा कॉल म्हणजे अख्ख्या स्टॅकचा प्रश्न होऊन बसतो. म्हणून "आत्ता फक्त ६७० च आहेत" हा विचार खोटा.

तिन्ही बेटी झेलणं पहिल्या दोन लेव्हलला परवडतं. एक हात सविस्तर देतो.

२५/५०. तो १५० चा रेज करतो, तुम्ही बिग ब्लाइंडवरून राजा-गुलामनं कॉल करता. पॉट ३२५. फ्लॉप: बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर चौकी. तो २२५, तुम्ही कॉल. टर्न इस्पिक दुर्री, तो ५००, तुम्ही कॉल. रिव्हर चौकट नव्वी, तो ११७५. पॉट होता १७७५, म्हणजे ११७५ घालून एकूण ४१२५ साठी खेळायचं. साडेअठ्ठावीस टक्के हवेत.

त्याच्याकडे तुम्हाला हरवणारं काय आहे? या बोर्डवर स्ट्रेट बनत नाही. एक्का-राजा ८ कॉम्बो (दोनच राजे उरलेत), राजा-राणी ८. एक्क्यांची जोडी ६, राजांची जोडी १. सत्ती, चौकी, दुर्री, नव्वी यांच्या जोड्या प्रत्येकी ३, म्हणजे १२. राजा-नव्वी ६, राजा-सत्ती ६. एकूण ४७. यासमोर कॉल बरोबरीत यायला ४७ च्या ०.४ पट ब्लफ हवेत, म्हणजे १९.

आता न लागलेले फ्लश ड्रॉ. बदामाची ११ पानं उरलीत, त्यांचे ५५ कॉम्बो. नव्वी-चौकी, नव्वी-दुर्री, चौकी-दुर्री या तिघांना दोन जोड्या लागतात, ते वजा करा: ५२. यातल्या फक्त ३७ टक्के हातांनी त्यानं तिन्ही बेटी केल्या तरी १९ भरतात. अती आक्रमक गडी याहून बरेच जास्त करतो. कॉल.

आता बारकावा. तुमच्या हातातला गुलाम बदामाचा असेल तर उरली १० पानं, ४५ कॉम्बो, तीन वजा करून ४२. त्याचे ३७ टक्के साडेपंधरा. तोच बोर्ड, तीच जोडी, पण कॉल आता काठावर. लोकांना वाटतं बदामाचं पान हातात असणं चांगलं. ब्लफ पकडताना ते वाईट, कारण त्याच्याकडे असायला हवं ते न लागलेलं पान तुम्हीच धरून बसलेले असता.

शिये_फाटा

हे जबरदस्त आहे. मग किलवर-इस्पिकवाला राजा-गुलाम असेल तर डोळे झाकून कॉल?

पंचगंगा_घाट

समोर तो एकटाच असेल तरच. तिसरा माणूस हातात असताना हे आकडे वापरू नका. आक्रमक माणूसही दोघांसमोर तीन बेटी करतो तेव्हा त्याच्याकडे बऱ्याचदा काहीतरी असतं, आणि तिसऱ्याचा कॉल तर खऱ्या पानाचाच असतो. शिवाय हा गडी अर्धा तास गप्प बसून अचानक पॉटभर बेट करत असेल तर जुना हिशेब गुंडाळून ठेवा. त्यानं गिअर बदललाय.

खासबाग_कट्टा

एक निरीक्षण. आपल्याकडचे बरेच जण तीन पत्तीतून होल्डेमकडे आलेत. तीन पत्तीत पानं न बघता ब्लाइंड चाल स्वस्त पडते, बघणाऱ्याला दुप्पट भरावी लागते. मध्ये उघडी पानं येत नाहीत, त्यामुळे चालीचा दाब हेच खेळाचं अंग. ती सवय इथं आली की माणूस पानं न बघता खेळल्यासारखा बेट करत राहतो. अशा माणसाला उलट चाल आली की "शो" मागायची सवय असते, म्हणजे तो कॉल करतो. तीन पत्तीतून आलेला बेफाम गडी बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा, न फोल्ड करणारा. ऑनलाइन खेळून आलेला मात्र बऱ्याचदा पहिल्या किंवा तिसऱ्या जातीचा. टेबलावर बसताच अंदाज बांधायला हे उपयोगी, पुढं वीस हात बघून दुरुस्त करा.

दुसरं, राग. बाकीच्या आठांतला एकजण चौथ्या लेव्हलला "आता मीच दाखवतो" म्हणून राणी-सत्तीनं री-रेज करतो. खासबागच्या मैदानात अंगावर येणाऱ्या मल्लाला नवखा गडी छातीनं अडवायला जातो, जाणता गडी बाजूला सरून त्याच्याच जोरावर त्याला खाली घेतो. त्याला त्याच्या बेटी करू द्या. बेटी करणं त्याचं काम, कुठल्या बेटीला हात धरायचा हे आपलं.

साखळी_आयोजक

धागा चांगला चाललाय, एक सूचना देऊन जातो. इथली चर्चा फक्त गुणांवरच्या खेळाबद्दल राहू द्या. पैसे लावून खेळायच्या जागा, ॲप यांची माहिती इथं टाकू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, आणि जुगाराविरुद्धचा राज्याचा १८८७ चा कायदाही लागू आहे. असे प्रतिसाद काढले जातील.

मंगळवार_पेठ

बबलबद्दल (गुणांच्या जागांच्या अगदी आधीचा टप्पा) कुणीच लिहिलं नाही आणि या साखळीत तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. गुण पहिल्या तिघांना. चौघे उरले की आक्रमक मोठ्या स्टॅकचं राज्य सुरू होतं, आणि वरचे निम्मे सल्ले तिथं उलटतात.

हिशेब सोपा राहावा म्हणून एकूण २०,००० चिप्स धरू, आणि समजा चौघांकडे असे आहेत: तो गडी १०,०००, तुम्ही ६०००, तिसरा ३०००, चौथा १०००. गुण ५०, ३०, २०. चिप्सची किंमत गुणांत काढायला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) वापरतात. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची, मग त्याला बाजूला काढून उरलेल्यांत दुसरा, मग तिसरा. मूळ पद्धत हार्विल यांनी १९७३ मध्ये मांडली. घोड्यांच्या शर्यतीत ती वापरली जाते.

या पद्धतीनं तुमच्या ६००० ची किंमत ३१.३ गुण निघते. तो ऑल-इन ढकलतो. तुम्ही कॉल करून जिंकलात तर तुमच्याकडे १२,०००, त्याच्याकडे ४०००. तुमची किंमत ४०.६ गुण. हरलात तर शून्य. ब्लाइंड बाजूला ठेवले तर बरोबरीला ३१.३ भागिले ४०.६, म्हणजे ७७ टक्के जिंकायला हवं. चिप्सच्या हिशेबानं ५० पुरले असते.

७७ टक्के म्हणजे काय? तो अगदी कुठलीही दोन पानं ढकलतोय असं धरलं तरी एकाच रंगाचं एक्का-राजा ६७ टक्केच जिंकतं. दश्शीची जोडी ७५. गुलामांची जोडी ७७ च्या थोडी वर. म्हणजे तो पानं न बघता ढकलतोय हे पक्कं माहीत असूनही एक्का-राजा टाकणं बरोबर. हे पचायला फार जड जातं.

उसाचा_फड

म्हणजे त्याला मोकळं रान?

मंगळवार_पेठ

नाही. तुम्हाला नाही, पण १००० वाल्याला त्याला अडवणं परवडतं. त्याच्या हजाराची किंमत ८.४ गुण, दुप्पट झाला तर १४.२. त्याला ५९ टक्के पुरतात, आणि ब्लाइंडचे चिप्स मध्ये असले की आणखी कमी. पंजीची जोडी कुठल्याही दोन पानांसमोर ६० च्या आसपास जिंकते. तो कॉल करू शकतो, तुम्ही नाही. आणि तो बाहेर जाईपर्यंत तुम्ही मोठ्याशी भिडणं म्हणजे त्याचं काम आपल्या अंगावर घेणं.

तुम्ही करायचं ते असं. पहिली ढकल स्वतः करा. त्याच्या आधी बोलायची पाळी असेल आणि पानं बरी असतील तर रेज न करता थेट ऑल-इन, म्हणजे निर्णय त्याच्यावर जातो. तुमच्याशी हरला तर त्याच्याकडेही ४००० च उरतात, त्यामुळे विचार करणारा असेल तर तोही तुम्हाला टाळेल. न फोल्ड करणारा असेल तर हे सोडा आणि ३००० वाल्यावर दाब ठेवा. आणि ७७ टक्क्यांचा नियम लवकर लावू नका. सहाजण उरलेले असताना लोक बबलसारखं दबून खेळतात, त्याच वेळात तो डोंगर उभा करतो. तिथं बरोबरीचा आकडा अजून पन्नासच्या बराच जवळ असतो.

कळंबा_रोड

मंगळवार_पेठ, आकडे पटतात, पण एक जोड. त्या टप्प्यावर त्याच्या री-रेजवर ऑल-इन करायचं असेल तर हातात एक्का ठेवा. तुमच्याकडे एक एक्का असला की त्याच्याकडच्या एक्क्यांच्या जोडीचे कॉम्बो सहाचे तीन होतात, एक्का-राजाचे सोळाचे बारा. ज्या पानांनी तो नक्की कॉल करणार, तीच कमी होतात. म्हणून एक्का-पंजी एकाच रंगाची ही राजा-गुलामपेक्षा ढकलायला बरी. कॉल करायला मात्र नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

खूप मिळालं. दोन शंका. रचना बदलली तर त्याचा जोर कमी होईल का? आणि शेवटी त्याच्याशी समोरासमोर दोघंच उरलो तर?

साखळी_आयोजक

रचनेबद्दल. लेव्हल २० मिनिटांची केली तर एका लेव्हलला आठ-नऊ हात होतात, म्हणजे जवळजवळ एक फेरी. सुरुवातीला ५००० ऐवजी १०,००० दिले तर २०० बिग ब्लाइंडपासून खेळ सुरू होतो आणि फ्लॉपनंतर खेळायला जागा राहते. दोन्ही बदल संयमी खेळाडूच्या बाजूनं जातात. बिग ब्लाइंड अँटी (सगळ्यांची अँटी बिग ब्लाइंडवाल्यानंच भरायची) घातली तर उलट होतं: मध्ये एक ब्लाइंड जास्त पडतो, चोरायला जास्त मिळतं, पण बिग ब्लाइंडला अडीच पटीच्या रेजला कॉल करायला २७ ऐवजी २३ टक्के पुरतात. आक्रमक माणूस एकच असेल आणि बाकीचे दबून खेळत असतील तर अँटी त्याच्याच पथ्यावर पडेल. पत्ते दोन जोड ठेवा, एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार. हातांची संख्या लगेच वाढते.

रंकाळा_तांबट_कमान

दोघंच उरल्यावरचं मी सांगतो. तिथं आयसीएमचं ओझं उतरलं. दुसऱ्याचे ३० दोघांनाही मिळालेच, वरच्या २० साठी लढत आहे, आणि आता चिप्सचा हिशेब सरळ चालतो. बबलवर टाकलेली पानं इथं खेळायची.

बटनवर जो असतो त्याचाच स्मॉल ब्लाइंड. फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो, नंतर शेवटी. वाटताना घरच्या टेबलावर इथं हमखास गोंधळ होतो, तपासून घ्या.

लहान स्टॅक १२ बिग ब्लाइंडचा आहे आणि तो बटनवरून प्रत्येक हात ढकलतोय असं दिसलं तर तुम्हाला ११ घालून २४ च्या पॉटसाठी खेळायचं आहे. ४६ टक्के हवेत. कुठल्याही दोन पानांसमोर राणी-दुर्री वेगळ्या रंगाचीही ४७ च्या आसपास जिंकते. म्हणजे प्रत्येक राणी, प्रत्येक राजा, प्रत्येक एक्का, प्रत्येक जोडी कॉल. तो खरोखर प्रत्येक हात ढकलतोय का हे मात्र आधी बघा. सलग पाच-सहा ढकली झाल्या तर धरा. मध्ये दोनदा फोल्ड केलं असेल तर राण्यांतल्या दुर्री ते छक्कीपर्यंतच्या टाका आणि राणी-सत्तीपासून वर कॉल करा. वीस बिग ब्लाइंडच्या वर स्टॅक असतील तर ढकलीची घाई करू नका. बटनवरून अडीच पटीऐवजी दोन पटीचा रेज करा, पॉट लहान ठेवा. दर दुसऱ्या हाताला फ्लॉपनंतर शेवटी बोलायची पाळी तुमची असते, तेच हात जास्त खेळा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

राणी-दुर्रीचा कॉल लिहून घेतला. पुढच्या साखळीला २० मिनिटांची लेव्हल आणि पत्त्यांचे दोन जोड मागतो, अँटी तूर्त नको. वीस हातांची नोंद ठेवायला चार रकान्यांचा एक छोटा तक्ता करून इथंच टाकतो, कुणाला पाचवा रकाना सुचला तर सांगा.

पंचगंगा_घाट

पाचवा रकाना: रेज करताना त्याच्याकडे किती बिग ब्लाइंड होते. ४० वर बेफाम असणारे बरेच गडी १५ वर आले की गप्प होतात, आणि तिथं त्यांच्या ढकलीला मान द्यावा लागतो.